पाठ नसलेलं पुस्तक

मुलाच्या हातात कुठलं पुस्तक द्यावं हे त्याच्या बापाला कधीच कळत नाही, हे माझं सोळा वर्षांचं मत आहे आणि ते बदलायची वेळ अजून आलेली नाही. मदरशाच्या मागच्या खोलीत पुस्तकांची सहा कपाटं आहेत, ती माझ्या ताब्यात. मुलं मला पुस्तक-आपा म्हणतात. कायदा संपला, म्हणजे अक्षरओळख होऊन अक्षरं जोडून वाचता यायला लागली, की मूल माझ्याकडे येतं आणि मी त्याला एकट्यानं वाचायला अरबी पुस्तक निवडून देते. मधे बापलोक तडमडतात. त्यांना नऊ वर्षांच्या पोरीसाठी सोनेरी अक्षरांचं, चार खंडांतलं काहीतरी हवं असतं. जे तिला उचलत नाही ते ती वाचणार कसं, असं मी तोंडावर विचारते. मग ते माझी तक्रार घेऊन अब्बांकडे जायचे. अब्बा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि सांगायचे, आपा देईल तेच घ्या.

अब्बा त्याच मदरशात चौतीस वर्षं शिकवत होते. पुस्तकांना फिती लावायची पद्धत त्यांचीच. हिरवी फीत म्हणजे पानावर सहा ओळी, मोठी अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराच्या वर-खाली उच्चाराच्या सगळ्या खुणा. यात बहुतेक पैगंबरांच्या गोष्टी. पिवळी म्हणजे शेजारधर्म, स्वच्छता, वागणूक, थोडी बारीक अक्षरं. लाल फितीच्या पुस्तकात खुणा नसतात, तिथं ज्याचं त्यानं पोहायचं. पण फितीपेक्षा मोठा त्यांचा एक नियम होता. सरावाचं पुस्तक मुलाला पाठ नसलेलं हवं. आमच्या मुलांचं पाठांतर जबरदस्त असतं. रोज म्हणायच्या दुवा, कुराणातले छोटे सूरे, पैगंबरांची वचनं म्हणजे हदीसा, सगळं तोंडावर. तेच पुस्तक समोर ठेवलं की पोरगं आगगाडीसारखं सुटतं; बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे. तोंड वाचतंय, डोळे नाही, असं अब्बा म्हणायचे आणि पुस्तक काढून घ्यायचे. त्यांच्या हाताखाली शिकून मीही त्यात तयार झाले होते. पाठ म्हणणारं पोर मी दारातूनच ओळखते.

गेल्या वर्षी थंडी सरताना अब्बा वर्गात खडू हातात असतानाच खाली बसले. मेंदूत रक्ताची गाठ. पंधरा दिवस रुग्णालयात काढले. वाचा आली, हात-पाय आले, माणसं ओळखली, अम्मीला औषधाच्या वेळेवरून टोमणाही मारला. आमचा जीव भांड्यात पडला. मग एका सकाळी मी त्यांच्यापुढे कागद ठेवला, त्यांनी त्यावर आपलं नाव लिहिलं, वळणदार, नेहमीसारखं. मी म्हटलं, आता वाचा. ते कागदाकडे बघत राहिले. स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाव त्यांना वाचता येईना.

रुग्णालयात अशा रोग्यांना पुन्हा वाचायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी अब्बांसमोरच मला नीट समजावलं. डोळे चांगले आहेत, समजही शाबूत आहे, दोन्हींमधला रस्ता तुटलाय. शेजारून पायवाट पडू शकते, पण ती पहिल्या चार महिन्यांत. त्यानंतर जमीन घट्ट होत जाते, फार थोड्यांना पुढे काही साधतं. रोज वीस मिनिटं, एकट्यानं, सोपं आणि नवं वाचायचं. पाठ असलेलं वाचून काही उपयोग नाही, हेही त्यांनी सांगितलं. ज्या लिपीत जन्म गेला तिच्यातूनच सुरुवात करा म्हणाल्या, पण मला अरबी येत नाही, तेव्हा पुस्तकं तुम्हीच निवडा. मला मनातल्या मनात हसूच आलं. सोनाराला सोनं पारखायला सांगत होत्या.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. मी हिरव्या फितीचं पुस्तक दिलं की वीस मिनिटांत तीन शब्द व्हायचे. अब्बांच्या कपाळावर घाम यायचा. एकेक अक्षर ते बोटानं मांडीवर गिरवायचे, मग त्यांना ते कळायचं. बाईंनीच ती युक्ती दाखवली होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पुस्तक बाजूला सारलं आणि स्वतःहून दुवांचं पुस्तक मागितलं, त्यांचं जुनं, निळ्या कापडी बांधणीचं. मी दिलं. त्यांनी उघडलं, पहिल्या ओळीवर थोडे अडखळले आणि वाचायला लागले. सरळ, स्वच्छ, पानामागून पान. अम्मी भाजी निवडता निवडता उठून दारात आली आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही रडले. मदरशात चाळीस पोरांना पकडणारी मी, घरात मला काही दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आठ आठवडे आमचं घर सुखात होतं. सकाळी नाश्त्यानंतर अब्बा खिडकीशी बसायचे आणि त्यांचा आवाज घरभर फिरायचा. अम्मीनं शेजारणींना सांगून झालं होतं. रुग्णालयातल्या बाईंना मी पहिल्या महिन्यात सांगितलं, वाचायला लागले. त्यांनी विचारलं, इतक्या लवकर? मी म्हटलं, अब्बा कोण आहेत ते तुम्हाला ठाऊक नाही.

मग बाईंडरचा घोटाळा झाला. आमच्या मदरशाची पुस्तकं गल्लीच्या टोकाला एक म्हातारा बांधतो. सगळे त्याला डिंक्या म्हणतात, त्याच्यासमोरसुद्धा. अब्बांच्या दुवांच्या पुस्तकाची पानं सुटली होती, म्हणून मी ते त्याच्याकडे टाकलं होतं, सोबत मदरशाचं एक, प्रवासातल्या नमाजाच्या नियमांचं. चार दिवसांनी त्यानं दोन्ही आणून दिली. निळं मी घरी ठेवलं, दुसरं कपाटात. पुढच्या गुरुवारी कपाटातल्या पुस्तकाला क्रमांकाची चिठ्ठी लावायला उघडलं, तर आत दुवा. डिंक्यानं बांधण्यांची अदलाबदल केली होती. मी तणतणत निघाले. म्हाताऱ्याला दिसत नाही तर सांगावं, लोकांची पुस्तकं का नासायची, असं काय काय मनात जुळवत मी जिना उतरले आणि रस्त्यावर आल्यावर जागीच उभी राहिले. दुवा जर कपाटात होत्या, तर घरी निळ्या बांधणीत प्रवासाचे नियम होते. आणि अब्बा त्यातून गेले तीन दिवस दुवा वाचत होते.

डिंक्याकडे गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम अब्बांच्या खुर्चीमागे फडकं घेऊन खिडकी पुसत उभी राहिले. त्यांनी निळं पुस्तक उघडलं. तोंडून झोपेतून उठल्यावरची दुवा आली, मग घराबाहेर पडतानाची, मग आजाऱ्याला भेटतानाची. पानावर लिहिलं होतं की किती लांबच्या प्रवासाला प्रवास म्हणायचं. एकही शब्द जुळत नव्हता. ते बोट ओळीवरून फिरवत होते आणि दुवांच्या पुस्तकात जिथं पान उलटावं लागे बरोबर तिथं पान उलटत होते. त्यांना हे कळत होतं का, ते मला तेव्हा समजलं नाही आणि आजही छातीठोक सांगता येणार नाही. माझ्या अंदाजानं नाही. ओळखीची निळी बांधणी उघडली की पाठांतर सुटायचं आणि त्यांना वाटायचं की आपण वाचतोय. मेंदूनं त्यांना फसवलं होतं. त्यानंतर मी फसवलं.

तेव्हा अडीच महिने झाले होते. म्हणजे दीड महिना, थोडा जास्तच, हातात होता. मी हिशेब केला होता, विसरले नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एक केला. शनिवारी निळ्या पुस्तकाच्या जागी हिरव्या फितीचं एक नवंकोरं ठेवलं, त्यांनी कधी न पाहिलेलं. त्यांनी पान उघडलं, बराच वेळ बघितलं आणि मिटलं. हे कुणाचं म्हणाले. मी म्हटलं, तुमच्यासाठी. त्यावर ते इतके भडकले की चहा सांडला. मी काय पाच वर्षांचा आहे, माझ्याच पोरीनं मला पोरांची पुस्तकं द्यावी, असं बरंच बोलले. अम्मी आतून धावत आली. अब्बा उठून गेल्यावर ती माझ्यावर उलटली. इतकं बरं चाललंय ते बघवत नाही का तुला, असं तिनं विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की अम्मी, काहीही बरं चाललेलं नाही. पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. अब्बांचा चेहरा पडताना बघायची माझी हिंमत नव्हती. मी फडकं घेतलं आणि चहा पुसला.

त्या दिवसापासून मी खरी निवड करायला लागले. सोळा वर्षांत इतक्या बारकाईनं मी कुणासाठीच पुस्तकं निवडली नसतील. जे जे अब्बांना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाठ होतं ते शोधून काढलं. दुवा झाल्या की चाळीस हदीसांचं छोटं पुस्तक. ते झालं की नमाजाची पद्धत. मग अल्लाहची नव्याण्णव नावं. त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून आलटून पालटून, आणि बांधण्या ओळखू याव्यात म्हणून नेहमीच्याच प्रती. निळ्या बांधणीत पुन्हा दुवा बसवून घेतल्या. डिंक्याला एक शब्द बोलले नाही, उलट त्याच्या चुकीवर पांघरूण घातलं, कारण तिच्यात माझी चूक झाकली जात होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. अब्बा खूष, अम्मी खूष, शेजारणी खूष.

रुग्णालयातल्या बाईंना हे कधीच पटलं नसतं, म्हणून त्यांना मी सांगितलं नाही. तिसऱ्या महिन्याच्या भेटीत त्यांनी अब्बांपुढे आपल्या रोजच्या लिपीतली एक पाटी धरली. अब्बा म्हणाले, ही लिपी मला पहिल्यापासून आवडत नाही. बाई हसल्या आणि माझ्याकडे वळून विचारलं की अरबी वाचतात ना? मी म्हटलं, वाचतात. त्यांनी विचारलं, नवीन? मी म्हटलं, नवीन. त्यांनी ते कागदावर उतरवलं आणि सांगितलं की मग आता दोन महिन्यांनी आलात तरी चालेल. बाहेर पडताना अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

आठवडे जात होते आणि मी ते मोजत होते. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज त्यांचा आवाज सुरू झाला की वाटायचं, उद्या. असे सात आठवडे गेले. चौथा महिना संपून वर तीन दिवस झाले होते, तेव्हा मुख्य उस्ताद घरी आले. हे अब्बांचेच विद्यार्थी. लहानपणी इतके सावकाश वाचायचे की अब्बा त्यांना गोगलगाय म्हणायचे, आणि अजून म्हणतात, मुख्य झाले तरी. त्यांनी अब्बांचं वाचन ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाले, उस्ताद, शनिवारपासून वर्ग घ्या. त्याआधी गुरुवारी सगळ्या मुलांसमोर एकदा बसा, थोडं वाचा, मुलांना बरं वाटेल. अब्बांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतली खुशी बघून मी उठून आत गेले.

वर्ग हाती आला तर चाळीस मुलांची पुस्तकं अब्बांपुढे उघडी राहणार होती, आणि त्यांत काय छापलंय ते त्यांना दिसणार नव्हतं. हे मुलांशी पाप होतं. मला तेवढं कळत होतं. पण गुरुवार आधी होता, आणि माणूस जवळच्या खड्ड्याकडे बघतो. मी ठरवलं, गुरुवारी चाळीस हदीसांचं पुस्तक ठेवायचं. सुरुवातीपासून वाचतील, पाचेक हदीसा होतील, मुख्य उस्ताद शाबास म्हणतील. पुढचं पुढे.

गुरुवारी मोठ्या खोलीत सतरंज्या घातल्या. मुलं चार रांगांत बसली. समोर रेहल, म्हणजे पुस्तक ठेवायची लाकडी घडीची बैठक, आणि तिच्यामागे अब्बा, पांढऱ्या इस्त्रीच्या कपड्यांत. अम्मीनं ते आदल्या दिवशी दोनदा धुतले होते. मी माझ्या हातानं रेहलवर चाळीस हदीसांचं पुस्तक ठेवलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले.

मुख्य उस्ताद उठले. त्यांनी अब्बांचं चार वाक्यांत कौतुक केलं, मग वाकून ते पुस्तक उचललं, डोळ्यांना लावलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, हे तर आम्ही सगळ्यांनी उस्तादांकडून शंभरदा ऐकलंय. आज आपल्या मदरशात नवीन पुस्तक आलंय, त्याचा पहिला पाठ उस्तादांच्याच तोंडून होऊ दे. आणि त्यांनी खोक्यातून हिरव्या फितीची नवी प्रत काढून रेहलवर ठेवली. बाकीच्या प्रती मुलांमध्ये वाटल्या. मशीद झाडणाऱ्या एका बाईची गोष्ट, सोळा पानांची, अगदी सोप्या नव्या शब्दांत लिहिलेली. ते पुस्तक मीच निवडलं होतं, अब्बा आजारी पडायच्या आधी. शब्द नवे आहेत, कुठल्याच मुलाला पाठ असणार नाही, म्हणून. अब्बांना दाखवलं असतं तर त्यांनी माझी पाठ थोपटली असती.

मुख्य उस्ताद मुलांना म्हणाले, पहिलं पान काढा, पहिल्या शब्दावर बोट ठेवा, उस्ताद वाचतील तसं सरकवा. चाळीस बोटं टेकली.

तेव्हा मी काहीही करू शकले असते. चक्कर आल्याचं नाटक, दिवे घालवणं, काहीही. माझी पाचावर धारण बसली होती. अब्बांनी पान बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांचा हात मांडीवर गेला आणि बोट एक अक्षर गिरवायला लागलं, मग थांबलं. त्यांनी वर बघितलं आणि खोलीभर नजर फिरवून मला शोधलं. अडलेलं मूल जसं बघतं तसं ते बघत होते. मी खाली बघितलं. आयुष्यात मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट ती.

आणि मग अब्बांनी सुरू केलं. पण गोष्ट नाही. त्यांनी अल्लाहचं कलाम, म्हणजे कुराण, म्हणायला सुरुवात केली. तीस पारे त्यांना दहाव्या वर्षापासून पाठ. एक लांबलचक सूरा त्यांनी धरला आणि आवाज उचलला.

कलाम म्हटलं जात असताना कुणी बोलत नाही, कुणी उठत नाही, कुणी मधे तोडत नाही. हे आम्ही मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो, आणि मला, मुख्य उस्तादांना, तिथं बसलेल्या सगळ्या मोठ्या माणसांना ते अब्बांनीच शिकवलं होतं. मुख्य उस्तादांनी चमकून वर बघितलं, ओठ उघडले, मिटले आणि मान खाली घातली. मुलांची बोटं पहिल्या ओळीवर हलत होती, शब्द शोधत होती. काहींनी दुसरी ओळ बघितली. काहींनी हळूच शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावलं. मग एकेक बोट थांबत गेलं. कुणी हसलं नाही. ती चांगली मुलं आहेत.

अब्बा म्हणत राहिले. इतकं सुंदर त्यांनी आजारपणाआधीही म्हटलं नव्हतं. मधून मधून ते पान उलटत होते. तिसरं, पाचवं, नववं. मी पानं मोजत होते, कारण मला ठाऊक होतं की ती सोळाच आहेत. त्यांना थांबता येत नव्हतं. थांबले की समोर ते पान होतं आणि मुलांचे डोळे होते. सोळावं पान झालं. त्यांनी तेही उलटलं, मागचं पुठ्ठ्याचं कव्हरही उलटलं, आणि पुस्तक रेहलवर पालथं मिटलं. अब्बांनी त्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणत राहिले.

अर्धा तास झाला असेल. लहान मुलांचे पाय आखडले होते, तरी कुणी हललं नाही. अब्बांचा आवाज बसायला लागला होता. शेवटी मीच अदब मोडला. रांगांमधून गेले, त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी ती आयत पुरी केली, शेवटचे शब्द म्हटले आणि गप्प झाले.

पहिल्या रांगेतल्या सात वर्षांच्या मुलीनं हात वर केला. ही फार चौकस, सगळे तिला फौजदार म्हणतात. ती उभी राहिली आणि तिनं अगदी मनापासून विचारलं.

"उस्ताद, हे कितव्या पानावर आहे? मला सापडलं नाही."

अब्बा तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "या पुस्तकात नाही ते, बेटा. तुझं बोट बरोबर जागी होतं."

मुख्य उस्तादांनी मुलांना घरी सोडलं. ते अब्बांजवळ येऊन काहीतरी बोलायला लागले, तब्येत, थकवा, घाई आमचीच झाली, असं. अब्बांनी हातानं थांबवलं, म्हणाले, गोगलगाय, तू जा आता. मग ते उठून माझ्या पुस्तकांच्या खोलीत आले आणि माझ्या स्टुलावर बसले. मी दार लोटलं. ते ओरडतील, हात उगारतील, अशी माझी आशा होती. हो, आशाच.

"किती दिवस माहीत होतं तुला?"

"सात आठवडे," मी म्हटलं.

त्यांनी बोटांवर मागे मोजलं. मी त्यांना थांबवलं नाही.

"म्हणजे तेव्हा वेळ होता."

"होता."

"तू मला सांगितलं असतंस तर मी तुझ्यावर चिडलो असतो," अब्बा म्हणाले. "चहा सांडला असता. दोन दिवस जेवलो नसतो. तिसऱ्या दिवशी बसलो असतो गं वाचायला."

मी म्हटलं की मला तुमचा चेहरा बघवला नसता. ते ऐकून त्यांनी नुसती मान हलवली, मूल चुकलं पण का चुकलं ते कळलं की हलवायचे तशी. मी रडायला लागले आणि मला माझाच राग आला, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

थोड्या वेळानं त्यांनी ते नवं पुस्तक मागितलं. मी मोठ्या खोलीतून आणून दिलं. त्यांनी ते मांडीवर उघडलं, पहिलं पान, सहा ओळी. शब्द सांगू नकोस, असं बजावलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. ते अक्षर बघत, उजव्या बोटानं डाव्या तळव्यावर गिरवत, ओठ हलवत, पुन्हा बघत. पहिला शब्द लागला. दुसऱ्याला त्याहून वेळ लागला. तिसऱ्याच्या दोन खेपा झाल्या. बाहेर झाडूवाल्यानं सतरंज्या गुंडाळल्या, खोल्यांना कुलपं लावली, आमच्या दारावर टकटक करून तो गेला. चौथा शब्द त्यांनी लावला, मग वाक्य जुळवायला मागे गेले, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की पहिला शब्द हातून गेलाय. ते पुन्हा पहिल्यावर आले. तळव्यावर पहिलं अक्षर गिरवलं. ते काही त्यांना लागेना.

मला तो शब्द येत होता. कुठल्याही हिरव्या फितीच्या मुलाला येतो. मी तोंड उघडलं, पण त्यांनी मान वर न करताच हात आडवा केला.

आणखी थोडा वेळ त्यांनी बोट फिरवलं. मग पुस्तक मिटलं, त्याचे कोपरे नीट केले, फीत आत सरकवली आणि माझ्या हातात दिलं.

"हे मुलांना दे," म्हणाले. "त्यांच्याकडे वेळ आहे."